कल्याणच्या खाडींतील मुक्काम

मुंबईहून कल्याणास जाणारा प्रवासी आज सुमारें तासाभरांत घरीं पोहोंचतो. धीमी गाडी ठाणें सोडून पुलावरून कळव्याकडे गेली म्हणजे उजव्या हातास पारसिकचा डोंगर लागतो आणि डाव्या हातास मुंब्र्याजवळ खाडीचें पाणी दिसतें. डब्यांतील गर्दींत त्या पाण्याकडे पाहण्याची फुरसत फारच थोड्यांस असते. पण ज्या वाटेनें ही गाडी धांवते ती वाट १८५४ सालची आहे. त्यापूर्वीं शतकानुशतकें कल्याणास समुद्राकडून येणारा मनुष्य त्या पाण्यावरूनच येत असे. आणि त्याचा प्रवास घड्याळाच्या तासांवर नव्हे, तर भरती-ओहोटीवर मोजला जाई. वाटेंत कोठें तरी नांगर टाकून रात्र काढणें हा त्या प्रवासाचा नित्याचा भाग होता. ही रात्र कोणाच्या हद्दींत काढावयाची, या एका प्रश्नांत कल्याणचा बराचसा इतिहास सांठविलेला आहे.

कल्याणची खाडी म्हणजे उल्हास नदीचा शेवटचा, खाऱ्या पाण्याचा पल्ला. ही नदी सह्याद्रींत खंडाळा-राजमाचीच्या बाजूस उगम पावते. कर्जत व बदलापूर यांवरून उत्तरेकडे वाहत येते. आणि भातसेचें पाणी पोटांत घेऊन आलेली काळू नदी कल्याणच्या वरच्या अंगास तिला मिळते. कल्याणपासून पुढें ती पश्चिमेस वळून ठाण्याच्या दिशेनें जाते. ठाण्यापाशीं तिला दोन वाटा फुटतात. मुख्य प्रवाह कोलशेत, घोडबंदर यांवरून वसईच्या किल्ल्याखालीं समुद्रास मिळतो. दुसरी अरुंद व उथळ वाट ठाणें शहराच्या कुशीवरून दक्षिणेस उतरते आणि रुंद होत होत मुंबई बंदरांत शिरते. या दोन वाटांनीं व समुद्रानें वेढलेलें जें बेट, तेंच साष्टी. नकाशा पाहिला असतां कल्याण एखाद्या पिशवीच्या तळाशीं बसलें आहे असें वाटतें. मात्र या पिशवीला तोंडें दोन आहेत. एक वसईस, दुसरें मुंबईस.

समुद्राचें पाणी दिवसांतून दोनदां या दोन्ही तोंडांनीं आंत चढतें व दोनदां उतरतें. उधाणाच्या दिवसांत मुंबईस भरती व ओहोटी यांच्या पातळींत ४ ते ५ मीटरांचा फरक पडतो. भरतीची वेळ सांगण्यास किनाऱ्यावरील खलाशांस व कोळ्यांस घड्याळ लागत नसे. तिथीची पाऊणपट करावी म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते, असा त्यांचा ठोकताळा होता. चतुर्थीस चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास पाणी पूर्ण चढलेलें. अष्टमीस सकाळीं व सायंकाळीं सहाला. पौर्णिमेस व अमावास्येस दुपारीं व मध्यरात्रीं बाराच्या आगेंमागें. चंद्र रोज सुमारें ५० मिनिटें उशिरां उगवतो व भरतीहि तितकीच मागें पडते. पाऊणपटीचा हिशेब यावरूनच आलेला आहे. हा हिशेब मुंबई बंदराचा. खाडींत जसजसें आंत जावें तसतशी ही वेळ पुढें सरकते. कल्याणास पाणी पूर्ण चढतें तेव्हां मुंबईस ओहोटी लागून बराच वेळ झालेला असतो.

शिडाचा पडाव किंवा मचवा मुंबईहून कल्याणास निघे तो भरतीच्या आरंभीं. आंत चढणारें पाणी त्यास वाहून नेई; वारा साह्यास असला तर शीड, नसला तर वल्हीं. एका भरतीचा जोर सुमारें सहा तास टिकतो. तेवढ्यांत तुर्भें मागें टाकून ठाणें गांठलें तर तांडेल स्वतःस सुदैवी समजे. परंतु ठाण्यापाशींच खरी अडचण उभी राही. येथें पात्र अरुंद व उथळ. आणि मुंबईकडून चढलेलें पाणी व वसईकडून चढलेलें पाणी यांची गांठ याच टापूंत पडे. ती पडेपर्यंत भरती संपत आलेली असे. थोड्याच वेळांत ओहोटी लागे आणि कल्याणकडचें पाणी समोरून वाहूं लागे. मालानें भरलेला पडाव ओहोटीच्या तोंडावर रेटणें म्हणजे माणसांची दमछाक करून जागच्या जागीं राहणें होय. शहाणा तांडेल शीड उतरवी, नांगर टाकी आणि पुढच्या भरतीची वाट पाही. सकाळीं मुंबईहून निघालेल्यास ती पुढची भरती अंधार पडल्यावर लागे. रात्र काळोखी असली, किंवा वारा पडला असला, तर उजाडेपर्यंत मुक्काम ठरलेलाच.

मुक्कामाची जागा निवडणें हें जाणत्या माणसाचें काम होतें. ओहोटी पूर्ण झाल्यावरहि तळाशीं पुरेसें पाणी उरेल अशीच जागा हवी. नाहीं तर भरलेला पडाव चिखलावर बसून कलता होई. दोन पडावांत अंतर राखावें लागे, कारण पाणी फिरलें म्हणजे नांगराभोंवतीं पडावहि फिरतो. काठ हांकेच्या अंतरावर असे, पण काठावर उतरण्याची सोय नसे. तिवरांच्या झाडीपुढें चिखल, झाडीमागें खाजण व मिठागरें. चोहोंकडे पाणीच पाणी, पण तें खारें. म्हणून पिण्याचें पाणी बरोबर घ्यावें लागे. चूल पडावावरच पेटे. एक खलाशी दोरावर नजर ठेवून जागा राही. इतर माणसें गोण्यांच्या आडोशास अंग टाकीत.

या रात्रींत वादळाचें भय फारसें नसे. डोंगर व बेटें यांच्या आडोशास असलेली खाडी उघड्या समुद्रापेक्षां किती तरी शांत. याच शांततेमुळें कल्याण बंदर भरभराटीस आलें. परंतु जें पाणी वाऱ्यापासून वांचवितें तेंच माणसाच्या हातीं सांपडण्यासहि सोयीचें असतें. उघड्या समुद्रांतील जहाजास पळून जाण्यास दिशा मोकळ्या असतात. खाडींत नांगरलेल्या पडावास पुढें एकच वाट व मागें दोन, आणि त्या तिन्हींवर पाहरा बसवितां येतो. कल्याणचें भाग्य व कल्याणची कोंडी या एकाच खाडींतून निघालेल्या आहेत.

याचा सर्वांत जुना पुरावा इसवी सनाच्या पहिल्या शतकांतला आहे. ‘पेरिप्लस’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या ग्रीक पुस्तकांत तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती एका व्यवहारी दर्यावर्दी व्यापाऱ्यानें लिहून ठेविली आहे. त्यांत कल्याणचा उल्लेख ‘कल्लिएना’ असा येतो. थोरल्या सारगनाच्या काळीं हें रीतसर व्यापाराचें बंदर होतें. पण तें संदनेसाच्या ताब्यांत गेल्यापासून तेथील व्यापारास अडथळा झाला, आणि एखादें ग्रीक जहाज चुकून तेथें आलेंच तर त्यास पाहऱ्यांत भडोचकडे नेण्यांत येतें, असें तो सांगतो. सारगन म्हणजे सातवाहन कुळांतील सातकर्णी, असें विद्वान् मानतात. आणि या अडथळ्यामागें सातवाहन व क्षत्रप यांची व्यापारावरील सत्तेसाठीं चाललेली झुंज होती, असाहि त्यांचा तर्क आहे. कारण कांहींहि असो, येथें एक गोष्ट दिसून येते. कल्याणास बंद पाडण्यासाठीं शहर जाळण्याची गरज नव्हती. त्याकडे येणारीं जहाजें अडविलीं कीं पुरे होतें.

त्या शहराजवळ अडविण्याजोगें कांहीं होतें, हें कान्हेरीच्या लेण्यांवरून कळतें. साष्टीच्या डोंगरांतील या बौद्ध लेण्यांत ज्यांनीं दानें दिलीं त्यांत कल्याणच्या रहिवाशांचीं नांवें पुन्हां पुन्हां कोरलेलीं आहेत. त्यांत व्यापारी आहेत, सोनार आहेत, लोहारहि आहेत. धातूचें काम करणाऱ्या कारागिराला पाण्याचें टांकें खोदवून देण्याइतकी बरकत होती, ही लहान गोष्ट नव्हे. बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवर नाणेघाटानें जुन्नरास चढे व तेथून पैठणकडे जाई. देशावरचा माल त्याच वाटेनें खालीं येई. सहाव्या शतकांत कॉस्मस या ग्रीक भाषेंत लिहिणाऱ्या प्रवाशानेंहि कल्याणची गणना मोठ्या बंदरांत केली आहे. तांबें, शिसवी लांकूड व कापड येथून बाहेर जात असे, आणि येथील ख्रिस्ती लोकांचा धर्माधिकारी इराणांतून नेमून येत असे, असें त्यानें लिहिलें आहे. इराणच्या आखातांतून आलेल्या या माणसांनींहि कल्याणास पोहोंचण्यापूर्वीं भरतीची वाट पाहिली असलीच पाहिजे. कारण राजे बदलले तरी पाण्याचा क्रम बदलत नाहीं.

सोळाव्या शतकांत पोर्तुगीज आले आणि खाडीचीं तोंडें त्यांच्या मुठींत गेलीं. १५३४ सालीं गुजरातच्या बहादूरशहाकडून त्यांस वसई मिळाली. साष्टी व मुंबई हीं बेटें त्याबरोबरच आलीं. उत्तरेस वसईचा किल्ला, मध्यें ठाण्याचें नाकें, दक्षिणेस मुंबई व करंजा. कल्याणचा कोणताहि पडाव पोर्तुगीज पाहऱ्याखालून गेल्याविना समुद्रास लागूं शकत नव्हता.

ही कोंडी मराठ्यांच्या लक्षांत आली ती शिवाजीमहाराजांनीं १६५७ सालीं कल्याण-भिवंडी घेतल्यावर. महाराजांच्या आरमाराचा आरंभ याच खाडींत झाला. जंगलांतील लांकूड जवळ, खाडी निवांत, कारागीर मिळण्यासारखे. जहाजें बांधण्यास याहून चांगली जागा शोधूनहि मिळाली नसती. परंतु बांधलेलें जहाज बाहेर कसें काढावयाचें? डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनीं गोव्याच्या दफ्तरांतून उजेडांत आणलेल्या कागदांत १६५९ सालचें एक पत्र आहे. शहाजीच्या मुलानें वसई व चौल यांजवळचा मुलूख घेतला असून भिवंडी, कल्याण व पनवेल येथें तो लढाऊ जहाजें बांधीत आहे. तीं बाहेर पडूं देऊं नयेत अशी ताकीद दिली आहे, असा त्याचा आशय आहे. ही जहाजें बांधण्याचें काम रुय लैतांव व्हियेगस या पोर्तुगीजाकडे होतें. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं त्यास चुचकारलें, आणि तो आपल्या माणसांसह महाराजांची नोकरी सोडून निघून गेला. एक तोफ न उडवितां नव्या आरमारास धक्का देण्याचा हा प्रयत्न होता. त्यानेंहि काम थांबलें नाहीं. पण पुढें आरमाराचीं मुख्य ठाणीं विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, कुलाबा अशा उघड्या समुद्राकांठीं उभीं राहिलीं, यांत कल्याणच्या अनुभवाचा वांटा असावा, असें मानण्यास जागा आहे. १६६१ सालीं कल्याण मोगलांकडे गेलें व कांहीं वर्षांनीं परत आलें. खाडीचीं तोंडें मात्र तशींच राहिलीं. फरक इतकाच पडला कीं १६६५ मध्यें मुंबई इंग्रजांच्या हातीं आली, आणि एका पाहरेकऱ्याच्या जागीं दोन झाले. त्या दोघांत लगेच जकातीवरून तंटे लागले. ठाणें व करंजा येथें पोर्तुगीज इंग्रजांच्या पडावांकडून जकात घेत आणि मुंबईचे अधिकारी तक्रारी करीत.

या काळांतील जलप्रवासाचें एक वर्णन सुदैवानें शिल्लक आहे. जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य. त्याला १६७५ सालीं जुन्नरच्या मोगल अधिकाऱ्याकडून घरांतील रुग्णास तपासण्यासाठीं बोलावणें आलें. मुंबईहून तो ठाण्यास आला व तेथून पाण्यानें कल्याणाकडे निघाला. दोन्ही कांठांवर पोर्तुगीज सरदारांचीं गांवें व वाडे त्यास दिसत होते. कल्याण मैलभर राहिलें तेव्हां उजव्या हातास शिवाजीमहाराजांची हद्द लागली. वारा व भरती अनुकूल असल्यामुळें सकाळीं नऊच्या सुमारास आपण उतरलों, असें त्यानें नमूद केलें आहे. धक्क्यावरील जकातदारानें हवालदारास वर्दी जाईपर्यंत त्याला आपल्या चावडींत आदरानें बसवून घेतलें. गांवांत त्यानें पडक्या मशिदी व वाडे पाहिले, आणि त्या अवशेषांवरून जुन्या वैभवाची कल्पना केली. १६९८ सालीं लंडनमध्यें छापलेल्या त्याच्या पुस्तकांत हें सर्व आलेलें आहे.

फ्रायरचा प्रवास बारकाईनें पाहण्यासारखा आहे. मुंबईस इंग्रजांचा अंमल, ठाण्यास पोर्तुगीजांचा, कल्याणास मराठ्यांचा आणि घाटावर जुन्नरास मोगलांचा. एका रुग्णास पाहण्यासाठीं निघालेल्या वैद्यानें थोड्याच दिवसांत चार सत्तांच्या सीमा ओलांडल्या. त्याच्याजवळ मोगल अधिकाऱ्याचें आमंत्रण होतें, म्हणून त्याचें कोणी अडविलें नाहीं. तांदुळाच्या गोणी घेऊन निघालेल्या साध्या पडाववाल्यास असें आमंत्रण कोण देणार? त्याच्या नांगराखालचें पाणी कोणाचें, हें त्यास प्रत्येक मुक्कामीं जकात देऊन शिकावें लागे.

ही कोंडी अखेर फुटली ती अठराव्या शतकांत. ठाणें व कल्याण यांच्या दरम्यान, खाडीच्या उत्तर कांठीं अंजूर हें गांव आहे. तेथील गंगाजी नाईक यांनीं पोर्तुगीजांविरुद्ध मोहीम काढण्यासाठीं पेशव्यांकडे दीर्घकाळ खटपट केली. खाडीकांठच्या माणसास पाणी व चिखल यांची जी माहिती असते ती पुण्याच्या दरबारास असणें शक्य नव्हतें. या मोहिमेस तीच उपयोगी पडली. १७३७ च्या मार्च महिन्यांत मराठ्यांच्या तुकड्या खाडी ओलांडून साष्टींत शिरल्या. ठाण्यास पोर्तुगीज १७३० पासून किल्ला बांधीत होते. तो पुरा होण्यापूर्वींच त्यांच्या हातून गेला. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजीअप्पांनीं वसई घेतली. त्यानंतर ३५ वर्षें कल्याणपासून ठाण्यापर्यंतचें व ठाण्यापासून वसईपर्यंतचें पाणी एकाच सत्तेखालीं राहिलें. कोंकणचे सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांचें ठाणें कल्याणास होतें, तें याच काळांत. पेशव्यांच्या अमलांतील कल्याणची भरभराट सांगतांना वाड्यांचें व देवळांचें वर्णन करण्यांत येतें. पण कल्याणचा पडाव रात्रीं ठाण्याखालीं नांगरून आपल्याच राज्यांत झोंपूं शकत होता, ही गोष्ट त्या भरभराटीच्या मुळाशीं होती.

१७७४ च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं ठाणें घेतलें आणि हें सुख संपलें. १७८० सालीं त्यांनीं कल्याणहि घेतलें. १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी इंग्रजांकडेच राहिली व कल्याण पेशव्यांस परत मिळालें. पुन्हां ठाण्यास एक राज्य व कल्याणास दुसरें, अशी स्थिति झाली. १८१७-१८ मध्यें सारें कोंकण इंग्रजांकडे गेलें तेव्हांच ही सीमा पुसली गेली.

राजकीय सीमा पुसल्यावर खाडीचा मुक्काम फक्त भरतीचा मुक्काम उरला, आणि तोहि फार काळ टिकला नाहीं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरापासून ठाण्यापर्यंतच्या २१ मैलांवर आगगाडी धांवली. १ मे १८५४ रोजीं ती खाडीवरील पूल ओलांडून कल्याणास आली. अष्टमी कीं पौर्णिमा हें विचारण्याचें कारण राहिलें नाहीं. १८६३ मध्यें बोरघाटांतून आणि १८६५ मध्यें थळघाटांतून रूळ वर चढले, आणि दोन्ही वाटा जेथें फुटतात त्या जागीं कल्याण जंक्शन उभें राहिलें. जें शहर बंदर म्हणून हजारों वर्षें ओळखलें गेलें तें एका पिढीच्या आंत स्टेशन म्हणून ओळखलें जाऊं लागलें. १९१६ सालीं पारसिकचा बोगदा झाल्यावर जलद गाड्यांतील प्रवाशांस मुंब्र्याजवळची खाडी दिसणेंहि बंद झालें.

पडाव मात्र एकाएकीं नाहींसे झाले नाहींत. ज्या मालास घाई नसते व ज्याचें वजन फार असतें, त्यास पाण्याची वाट पुढेंहि परवडत राहिली. भात, गवत, लांकूड, कौलें यांचे पडाव जात-येत राहिले; वाळूचा धंदा तर खाडीच्या तळावरच चाले. कल्याणचें रेतीबंदर व मुंब्र्याचें रेतीबंदर हीं नांवें त्याचीच खूण आहेत. पण प्रवासी गेला, आणि त्याच्याबरोबर खाडीविषयींची शहराची आस्थाहि गेली. पूर्वीं ज्या पाण्याकडे गांवाचें तोंड होतें त्याकडे आतां पाठ झाली. कारखान्यांचें व गटारांचें पाणी त्यांत सोडण्यांत आलें. तिवरांच्या झाडीवर भराव पडले. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टींत उल्हास नदी कांठ सोडून बदलापूर, उल्हासनगर व कल्याण येथील वस्त्यांत शिरली, तेव्हां कित्येकांस आपण नदीकांठीं राहतों हें नव्यानें समजलें.

आतां पुन्हां खाडीची आठवण होऊं लागली आहे. २०१६ च्या कायद्यानें देशांत १११ राष्ट्रीय जलमार्ग ठरले. त्यांत ५३ व्या क्रमांकावर कल्याण, ठाणें, मुंबई व वसईची खाडी यांस जोडणारा जलमार्ग आहे. रेल्वेच्या डब्यांत उभें राहण्यास जागा न मिळणाऱ्या लोकांस ही कल्पना आवडावी, यांत नवल नाहीं. या कामीं लागणारे धक्के बांधतां येतील, यंत्राच्या नौका ओहोटीसहि जुमानणार नाहींत. तरी ठाण्यापाशीं पात्र अरुंद व उथळ आहे तें आहेच, नदीनें आणलेला गाळ सांचतो आहेच, आणि दोन्हीं तोंडांनीं चढणारें पाणी तिथीच्या पाऊणपटीनेंच चढत आहे. तिवरें तोडून, गाळ सांचूं देऊन व पाणी नासवून ठेवलेल्या खाडींत कोणतीहि नौका सुखानें चालणार नाहीं. जुना तांडेल नांगर टाकण्यापूर्वीं तळाची खोली पाही, पाण्याचा ओढ पाही, आणि मगच मुक्काम करी. खाडीकडे परत वळूं पाहणाऱ्या शहरासहि हाच क्रम पाळावा लागेल.